खालून तेवीस, वर अठरा

१

फरीदाबादचा आमचा कारखाना बंद पडला तेव्हा मी पन्नास वर्षांचा होतो. बावीस वर्षं तिथली विजेची देखभाल माझ्याकडे होती. त्यानंतर पावणेदोन वर्षं मी घरी बसलो. घर म्हणजे सरोजिनी नगरमधलं सरकारी क्वार्टर, तेही बायकोच्या नावावरचं. प्रभा एका मंत्रालयात असिस्टंट होती. सकाळी ती डबा घेऊन निघाली की मी गॅलरीत उभा राहायचो. शेजारचे विचारायचे, "सबनीसजी, आज छुट्टी?" सहा महिन्यांनी त्यांनी विचारणं सोडलं. ते जास्त लागलं.

सत्याण्णव सालच्या मार्चमध्ये मला गुडगावला नोकरी मिळाली. तेव्हा तिकडे रोज काचेच्या नव्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि आठ-दहा वर्षांपूर्वीच्या इमारती जुन्या ठरत होत्या. कॉम्प्युटर आले, एसी आले, आणि जुन्या पॅनलना तो भार पेलेना. पॅनल बदलायचं म्हणजे इमारतीची वीज चार दिवस बंद. पण ऑफिसांना काम थांबवायचं नसतं. अशा वेळी आमची कंपनी जनरेटर घेऊन जायची, मागच्या अंगणात एक बोर्ड उभा करायची आणि तिथून केबल टाकून हव्या त्या मजल्यांना तात्पुरती वीज द्यायची. माझी नोकरीही तात्पुरतीच होती. सहा महिने बघू, मग कायम करू, असं सांगितलं होतं.

माझा साहेब साकेत गोडबोले. पुण्याचा, एमबीए, वय अठ्ठावीस. मला तो 'काका' म्हणायचा. काका म्हणूनही हुकूम सोडता येतो, हे मला त्याच्याकडे शिकायला मिळालं.

ऑगस्टच्या शेवटी हायवेजवळच्या एका इमारतीचं काम आलं. समोरून काच, मागून गिलावासुद्धा न केलेल्या विटा. तळमजल्यावर कुरियरवाले आणि चौथ्या मजल्यावर कॉम्प्युटरची कंपनी, एवढ्या दोघांनाच वीज हवी होती. पहिल्या-दुसऱ्या मजल्यांनी सुट्टी दिली होती. तिसरा रिकामा होता, मालकाच्या कुलपात.

बुधवारी सकाळी मी चौथ्या मजल्याची केबल स्वतः टाकली. अंगठ्यापेक्षा जाड, काळी, एकसंध. मधे एकही जोड नाही. जिन्याच्या कठड्याला हातभर अंतरावर सुतळीने बांधत मी ती वर नेली. तिसऱ्या मजल्याच्या दारासमोर कठडा मोडलेला होता, म्हणून तिथे ती जमिनीवरून न्यावी लागली. हे सगळं इतकं बारकाईने सांगतोय, कारण पुढे मी हे स्वतःला शंभर वेळा सांगितलंय.

२

अकरा वाजता मी रीडिंग घेतलं. त्यासाठी टाँग टेस्टर असतो. चिमट्यासारखा मीटर, वायरला नुसता अडकवायचा, की करंट किती जातोय ते दिसतं. खाली बोर्डापाशी चौथ्या मजल्याच्या लाइनवर तेवीस अँपियर होते. मी जिना चढून वर गेलो. तिथल्या पेटीत अठरा.

उतरलो. तेवीस. परत चढलो. अठरा.

पाच अँपियर वाटेत कुठेतरी जात होते. वीज अशी सांडत नाही. नळ फुटला तर पाणी दिसतं, आणि केबल फुटली तर ती गरम होते, वास येतो, कुणाला तरी शॉक बसतो. मी तळापासून वरपर्यंत केबलवर हात फिरवत गेलो. गार, गुळगुळीत. कुठे नख रुतेल एवढीसुद्धा चीर नव्हती.

मीटर खराब असेल म्हणून दुसरा मागवला. दुसऱ्यानेही तेच दाखवलं.

गेटवर रामफल नावाचा वॉचमन असायचा. जवळच्याच गावचा, साठीचा. ज्यांच्या शेतांवर या इमारती उभ्या राहिल्या त्यांच्यापैकी एक. त्याला विचारलं, "तीसरे माले पे कोई बैठता है क्या?"

"कोई ना बैठता जी. दो साल से ताला है."

"पहले कौन था?"

"था कोई दफ्तर." त्याने बिडी विझवली. "लोग आते थे, जाते थे. मैं नाम ना जानूँ."

साकेतला फोन केला, तर तो हसला. "काका, पाच अँपियर? त्यात एक फोटोकॉपी मशीनसुद्धा चालत नाही. सोडा ना यार."

त्याचं बरोबर होतं. पाच अँपियर म्हणजे पाच-सहा पंखे आणि दहा-पंधरा ट्यूबलाइट. एवढंच.

एक लहानसं ऑफिस.

३

सोडायला हवं होतं. पण बावीस वर्षं मी दर तासाला रीडिंग लिहीत आलो होतो. गुरुवारीही लिहिली.

सकाळी नऊला खालीवर सारखंच होतं, काही फरक नाही. साडेनऊला एक अँपियर वाटेत जायला लागला. पावणेदहाला तीन. दहाला पाच. मग एकपर्यंत काटा हलला नाही. एकला पाचाचे दोन झाले. दीडला परत पाच. संध्याकाळी साडेपाचला चार, मग दोन, मग एक. तो शेवटचा एक पावणेसहापर्यंत रेंगाळला आणि गेला.

संध्याकाळी मी वही घेऊन बसची वाट बघत उभा होतो. कुठल्याही कारणाने वीज गळत असेल तर ती जेवायला उठत नाही. एखादी चूक सकाळी एकेक करून कामावर येत नाही, आणि संध्याकाळी तिच्यातला कुणीतरी एकजण मागे थांबून शेवटचा दिवा बंद करत नाही. मी वही मिटली. उन्हाळा आहे, तापमानाने रीडिंग बदलतं, असं स्वतःला सांगितलं. ऑगस्टमध्ये दिल्लीत उन्हाळा नसतो, हे बसमध्ये बसल्यावर आठवलं.

रात्री जेवताना प्रभाला आकडे वाचून दाखवले. ती वाटीत आमटी वाढता वाढता ऐकत होती.

"एक ते दीड जेवण?" ती म्हणाली. "म्हणजे सरकारी नाहीत. आमच्याकडे अडीचशिवाय कुणी जागेवर येत नाही."

"अगं, तिथे कोणी नाहीये. कुलूप आहे."

"मग एवढं काय लागलंय मनाला?"

मी म्हटलं, "शनिवारी चारला नवीन पॅनल चालू करायचंय. आमची वीज काढून घेणार. नवीन पॅनलमध्ये तिसऱ्या मजल्याची लाइनच नाहीये. भाडेकरू आला की जोडतील."

प्रभाचा हात थांबला. तिला माझी थट्टा करायची होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण तिने केली नाही. "साडेपाचला करा मग," ती म्हणाली. "दीड तासाने काय बिघडतंय? जाऊ द्या त्यांना घरी."

४

शुक्रवारी जनरेटरचं ऑइल बदलायचं होतं. दोन्ही ऑफिसांना आधी कळवलं होतं, साडेअकराला दहा मिनिटं वीज जाईल म्हणून. पोरांना कामाला लावून मी चौथ्या मजल्याकडे निघालो. त्यांचे कॉम्प्युटर नीट बंद झालेत का ते बघायचं होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि जनरेटर थांबला.

तीन दिवस ती घरघर कानात होती. ती गेल्यावर इमारत एकदम मोकळी वाटली. हायवेवरचे ट्रक ऐकू यायला लागले. वर कुणीतरी हसलं.

आणि बंद दाराच्या आत एक खुर्ची मागे सरकली.

मग दुसरी. मग पावलं. धावपळीची नव्हेत, कंटाळलेली. दिल्लीत राहणाऱ्या माणसाला ती पावलं ओळखता येतात. लाइट गेली की माणसं हातातलं काम ठेवतात, आळस देतात आणि दारापाशी येऊन उभी राहतात. आतली माणसं दारापाशी आली.

दाराला बाहेरून कुलूप होतं. पितळी, त्यावर धूळ. कुणीतरी फरशी उखडून नेलेली असल्याने दार जमिनीपासून दोन बोटं वर होतं. त्या फटीतून आतला उजेड जिन्यावर पडला होता. तो जागोजाग तुटला. मी मोजलं नाही. सात-आठ माणसांचे पाय असावेत.

मी हललो नाही. मला भीती वाटली असं म्हणणं सोपं आहे. खरं तर मला लाज वाटली. कारखान्यात शेवटच्या दिवशी लाइट गेली तेव्हा आम्हीही असेच शेडच्या दारात उभे होतो, लोडशेडिंग असेल म्हणून. तासाभराने कळलं की मालकानेच कापलीय. तोवर लोक माझ्याकडे बघत होते. विजेचा माणूस मीच ना.

दाराआडून आवाज आला. हळू, अदबीचा. माणूस पन्नाशीचा असावा.

"भाईसाहब, कितनी देर है?"

मी उत्तर दिलं. विचार करून नव्हे. असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून आपोआप उत्तर येतं.

"बस, दस मिनट."

"अच्छा," तो म्हणाला. मग आत वळून इतरांना म्हणाला, "दस मिनट बोल रहे हैं."

खाली जनरेटर सुरू झाला. फटीतले पाय एकेक करून गेले.

५

साकेत दुपारी आला तेव्हा मी त्याला आवाजाबद्दल सांगितलं नाही. वही दाखवली आणि म्हटलं, कुणीतरी वीज चोरतंय. चोरी म्हटल्यावर त्याने मालकाच्या माणसाकडून किल्ली मागवली.

वर जाण्याआधी मी टाँग टेस्टर रामफलच्या हातात दिला. बोर्डावरच्या लाइनला अडकवून आकडा दाखवला. "ये बदले तो ज़ोर से आवाज़ देना." वर चौथ्या मजल्यावर आमच्या एका कामगाराला दुसरा मीटर देऊन बसवलं.

अडीच वाजता साकेतने कुलूप काढलं.

एक लांब हॉल. काही नाही. पंख्यांचे हूकसुद्धा कापून नेलेले. भिंतीतल्या वायरी उपसून काढल्यामुळे सगळीकडे उभे चर पडलेले. खिडक्यांवर वर्तमानपत्रं चिकटवली होती. जमिनीवर एवढी धूळ, की साकेतच्या बुटांचे ठसे स्वच्छ उमटत गेले.

"हे घ्या, तुमचं वीजचोरांचं गोडाउन," तो म्हणाला. "झालं समाधान?"

मी दाराच्या आतच थांबलो होतो. तिथे धूळ नव्हती. उंबऱ्यालगत हातभर रुंदीचा एक पट्टा, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पायांनी झिजून चकचकीत झालेला. दोन वर्षं बंद असलेल्या खोलीत तो दहा मिनिटांत झाला नव्हता. तिथे बरेचदा आणि बराच वेळ उभं राहिलं गेलं होतं.

आणि माझ्या मानेवर वारा येत होता. वरून, पंख्याखाली बसल्यावर येतो तसा. मी वर पाहिलं. छताला कापलेला हूक होता.

"काका, चला ना."

"साकेत, इथे उभे राहा एक मिनिट. इथे, माझ्याजवळ."

तो आला, उभा राहिला. मी त्याचा चेहरा बघत होतो. त्याच्या कपाळावरचे केस उडत होते. हळू, थांबून थांबून, पंखा फिरेल तसे. त्याने ते हाताने मागे सारले, परत मागे सारले आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला. कुलूप त्याने दोनदा ओढून पाहिलं.

खाली रामफल मीटर धरून उभा होता. "तेईस ही रहा जी पूरा टाइम." वर अठरा होते.

साकेत सरळ गाडीत जाऊन बसला. मग काच खाली करून म्हणाला, "काका, उद्या चार म्हणजे चार. पाच वाजता क्लायंटचे परदेशी पाहुणे येतायत. तिसरा मजला तेच घेणार आहेत. तुमचं कन्फर्मेशन लेटर माझ्या टेबलावर आहे, सोमवारी सही करतो. उगाच काहीतरी निघायला नको."

६

शनिवारीही ती माणसं आली. साडेनऊला एक, दहापर्यंत सगळी. मी सकाळभर मनात हिशेब घालत होतो. शनिवार आहे, अर्धा दिवस असेल, एकला उठतील. एकला पाचाचे दोन झाले. मी बोर्डापाशी उभा राहून वाट पाहिली. दीडला परत पाच.

नवं पॅनल साडेतीनला तयार झालं. साकेत चारला दहा मिनिटं असताना खाली आला, टाय लावून.

"साडेपाचला करू या," मी म्हटलं.

"का?"

काय सांगणार होतो? मी म्हटलं, "जॉइंट अजून एकदा तपासावेत असं वाटतं. दीड तास द्या."

"कालच तपासले ना? तुम्हीच सही केलीय." तो जवळ आला आणि आवाज खाली आणला. "काका, मला माहितीये तुमच्या डोक्यात काय चाललंय. तिथे काही नाहीये. आपण दोघांनी बघितलं. बघितलं ना?"

त्यालाही तेच ऐकायचं होतं. मी हो म्हटलं की दोघंही मोकळे होणार होतो, आणि नाही म्हणालो असतो तर तो काय करू शकला असता? दुसऱ्या कुणाकडून स्विच पाडून घेतला असता. पण मग तो दुसऱ्या कुणी पाडला असता. एवढा फरक पडला असता, आणि तो फरक माझ्या हातात होता.

"बघितलं," मी म्हटलं.

चारला चार मिनिटं कमी असताना तळमजल्याची लाइन काढली. मग चौथ्याची. स्विचचा दांडा मी स्वतः खाली ओढला. टेस्टर अजून वायरवर होता. तेवीसाचा आकडा एका झटक्यात शून्यावर यायला हवा होता. तो पाचावर आला. तिथे थांबला. बंद केलेल्या लाइनवर पाच अँपियर. मी तीन श्वास मोजले. मग चार, तीन, दोन, आणि सगळ्यात शेवटी, फार सावकाश, एक.

मग काही नाही.

नवं पॅनल चालू झालं. इमारत उजळली. कुरियरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

७

सोमवारी पत्र मिळालं, ते आधीच सांगून टाकतो. मी कायम झालो. त्या कंपनीत पुढे सहा वर्षं काढली. तिसरा मजला भाड्याने गेला आणि तिथून कधी तक्रार आली नाही. साकेत वर्षभरात मुंबईला बदली घेऊन गेला. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, माझा घेतला नाही. प्रभाने त्या शनिवारी विचारलं, साडेपाचला केलं ना? मी हो म्हटलं.

पण शनिवारी पाहुणे यायच्या आधी जिन्यातली केबल काढायची होती. साकेतला जिना मोकळा हवा होता. कामगार जनरेटर ट्रकवर चढवत होते, म्हणून मीच वर गेलो. चौथ्या मजल्यावर केबल सोडवली, कठड्याच्या गाठी कापत खाली आलो. जिन्यात आता नवे दिवे लागले होते. तिसऱ्या मजल्यावर मी दाराकडे बघितलं नाही. दारासमोरची केबल ओलांडून पुढे गेलो, दुसऱ्यापर्यंतच्या गाठी कापल्या आणि तिथे उभा राहून वरची केबल ओढायला लागलो.

चौथ्या मजल्यावरचं टोक घसरत खाली आलं. पंचवीस-तीस हात केबल माझ्या पायाशी जमा झाली. मग ती अडकली.

पायरीच्या कोपऱ्यात अडकली असेल म्हणून हिसका दिला. ती थोडी आली आणि परत मागे गेली. जड वस्तूखाली दबलेली केबल मागे जात नाही. मी सात-आठ पायऱ्या चढून वर पाहिलं.

दाराखालच्या फटीतून बोटं बाहेर आली होती. एकाच हाताची, चार. ती केबलवर होती. मूठ आवळलेली नव्हती. बाही धरावी तशी नुसती धरली होती. नखं नीट कापलेली. मधल्या बोटाच्या पेरावर शाईचा निळा डाग होता. त्यांच्यामागे फटीत काळोख होता, आणि त्या काळोखात बरेच जण जमिनीवर बसले असावेत, कारण कुणीतरी कागदाने वारा घेत होतं. तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. कुणी काही विचारलं नाही. त्यांना सांगितलं होतं, दहा मिनिटं.

खालून साकेतने हाक मारली. "काका! गाडी आली! केबल अडकलीय का?"

मी केबलला दोन वेढे मनगटाला घेतले, पाय पायरीला टेकवला आणि ओढली. पहिल्यांदा बोटं फक्त ताणली गेली. मग मी अंगाचा सगळा भार टाकला. ती जमिनीवरून घासत फटीपर्यंत गेली, फटीत दबली, एकेक करून सुटली. शेवटचं सुटण्याआधी शाईचा डाग असलेल्या बोटाने केबलवर दोनदा टकटक केलं. कुणाचं तरी लक्ष वेधायला करतात तसं, अदबीने.

"नाही," मी खाली ओरडून सांगितलं. "आली, आली. मोकळी झाली."